शब्दचर्चा : ‘भाऊबंदकी’ हा शब्द दोन राज्यांना, दोन देशांना लावावा का?

कृष्णाकाठची (सांगली)

नमस्कार मंडळी. मी इथे कनिष्ठ महाविद्यालयात राज्यशास्त्र शिकवते. बारावीच्या सराव पेपरात भारताच्या शेजारी देशांवर टीप लिहायची होती. एका मुलानं लिहिलं : ‘भारत-पाकिस्तान यांच्यातली भाऊबंदकी १९४७ च्या वाटणीपासून चालू आहे.’ पेपर तपासणाऱ्या सहकाऱ्यांनी ‘भाऊबंदकी’खाली लाल रेघ मारली. त्यांचं म्हणणं असं की हा चावडीवरचा शब्द आहे, परराष्ट्र धोरणाच्या उत्तरात ‘तणाव’ किंवा ‘शत्रुत्व’ असंच यायला हवं.

माझ्या मते मुलानं नेमका शब्द वापरलाय. शत्रुत्व कुणाशीही धरता येतं. भाऊबंदकीला आधी एक घर असावं लागतं, सामाईक मिळकत असावी लागते आणि ती वाटताना काहीतरी अर्धवट राहिलेलं असावं लागतं. १९४७ साली नुसत्या नकाशावर रेघ ओढली नव्हती. फौजेचं सामान, रेल्वेचे डबे, कचेऱ्यांतली टेबलं-खुर्च्या, ग्रंथालयांतली पुस्तकं, सगळ्यांच्या याद्या झाल्या होत्या. मिळकत आणि देणी यांत पाकिस्तानचा हिस्सा १७.५ टक्के आणि आपला ८२.५ टक्के ठरला. रोख शिलकीतून ७५ कोटी रुपये द्यायचे होते. त्यातले २० कोटी आधी दिले, उरलेले ५५ कोटी काश्मीरच्या लढाईमुळे अडकले आणि जानेवारी १९४८ मध्ये सोडले. ‘आधी ते रान सोड, मग तुझे पैसे देतो’ हे बोलणं आपल्या दिवाणी कोर्टाच्या आवारात कुठल्याही तारखेला ऐकू येईल. ‘शत्रुत्व’ लिहिलं की हे सगळं उत्तरातून निघून जातं.

पण मग पुढचे प्रश्न येतात. नेपाळशी, बांगलादेशाशी जे आहे त्याला काय म्हणायचं? आणि लांब कशाला, आपलं आणि कर्नाटकाचं काय? भाऊबंदकी, का नुसता शेजार? शब्दाची घडण, आपल्या भागातला वापर, कन्नडमधला जोडशब्द, माहीत असेल ते सांगा. मुलांपुढे ठेवायचं आहे.

बांधावरचा (तासगाव)

मॅडम, माझी सगळी नोकरी तलाठी म्हणून तासगाव-कवठेमहांकाळ भागात झाली. हा शब्द रोजचा होता, म्हणून लिहितो.

आमच्याकडं ‘भावकी’ आणि ‘भाऊबंदकी’ असे दोन शब्द आहेत आणि त्यांची गल्लत कुणी करत नाही. भावकी म्हणजे माणसं. भावकीला सुतक येतं, लग्नात भावकीचा मान असतो, ‘गावकी-भावकी’ तर पंचायतीच्या निवडणुकीत रोज निघते. भाऊबंदकी म्हणजे त्याच माणसांतलं भांडण. घडण बघितली तर दोन्ही एकाच वळणाचे. पाटीलकी, गावकी, तशी भाऊबंदकी. ‘की’ लागला की नातं, हक्क, मान असा काहीतरी अर्थ यायला हवा. ‘बंद’ म्हणजे बंधूच, म्हणजे एका अर्थाचे दोन शब्द जोडलेत. मुळात त्यात भांडणाचा वाससुद्धा नाही. तंटा मागाहून शिरला आणि आता ‘त्या दोन घरांत भाऊबंदकी आहे’ म्हटलं की ऐकणारा कोर्टाची तारीखच विचारतो.

आता हा तंटा कशावरनं होतो ते सांगतो, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर त्यात आहे असं मला वाटतं. शेतावरनं होतो, पण तो मिटतो. महसूल संहितेच्या कलम ८५ प्रमाणं वाटप झालं, पोटहिस्से पडले, नोंद मंजूर झाली की बांध कोरण्याच्या कुरबुरी सोडल्या तर माणसं गप्प होतात. विहीर मात्र वाटता येत नाही. तिच्यात आण्यांचे हिस्से असतात, बारा आणे एकाचे, चार आणे दुसऱ्याचे, आणि पाण्याची पाळी असते.

एका ठिकाणी मला दोघा भावांनी बोलावून नेलं. मंगळवारची पाळी थोरल्याची. त्या आठवड्यात शेतीची लाईट रात्रीची होती. रात्री एकला डीपीवर फ्यूज गेला, वायरमन सकाळी आला. धाकटा म्हणाला, बुधवार उजाडला, मोटर माझी. थोरला म्हणाला, माझे बुडालेले तास भरून दे. दोघांच्या हातात एकच वाटणीपत्र. त्यात पाळी लिहिलेली, हिस्सा लिहिलेला, लाईट गेली तर काय करायचं ते कुठंच नाही. दोघं खरं बोलत होते आणि दोघांच्या हातात काठ्या होत्या. त्याच धाकट्याच्या मुलीच्या लग्नात मांडवाचं सगळं थोरल्यानं बघितलं. म्हणून भाऊबंदकीचा अर्थ द्वेष असा कुणी सांगितला तर मी मान्य करणार नाही.

कृष्णेच्या पाण्याचं हेच झालंय. बच्छावत लवादानं १९७३ साली महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७०० आणि आंध्राला ८०० टीएमसी (म्हणजे अब्ज घनफूट) दिलं. कुणाला वर्षाला किती, हे लिहिलं. आणि भांडण पेटतं ते पुराच्या पंधरवड्यात, तेव्हा किती पाणी कधी अडवायचं आणि कधी सोडायचं यावरनं. ऑगस्ट २०१९ ला सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. तिथं धोक्याची पातळी ४५ आहे. त्या दिवसांत सांगलीत ज्याच्या त्याच्या तोंडी एकच प्रश्न, खाली कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाचा विसर्ग किती? पुढं पुराचा अभ्यास केलेल्या वडनेरे समितीनं अलमट्टीवर खापर फोडता येत नाही असं सांगितलं, तरी इथल्या कित्येकांना ते आजही पटत नाही. अलमट्टीची उंची ५१९.६ मीटरवरनं ५२४.२५६ करायची म्हटलं की इकडं मोर्चे निघतात. माझं मत, आपली आणि कर्नाटकाची भाऊबंदकीच आहे. शब्द बिनधास्त वापरा.

कराडची लेक

हा शब्द घरगुती आहे या आक्षेपाला आपल्या दोन जिल्ह्यांच्या इतिहासातच उत्तर आहे. साताऱ्याचे शाहू महाराज आणि कोल्हापूरचे संभाजीराजे हे दोघे शिवछत्रपतींचे नातू. घर एक, गाद्या दोन, आणि वीस वर्षांहून जास्त काळ चढाया. १७३१ मध्ये कराडजवळच्या जखिणवाडीत दोघांची भेट झाली आणि त्याच साली वारणेचा तह. वारणा-कृष्णेच्या दक्षिणेला तुंगभद्रेपर्यंतचा मुलूख कोल्हापूरकडे, उत्तरेचा साताऱ्याकडे. सांगलीजवळ हरिपूरला संगमावर जे उभे राहतात ते एका राज्याच्या वाटणीच्या रेघेवर उभे असतात. आज तीच वारणा सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांची हद्द आहे.

तहाची कलमं वाचण्यासारखी आहेत. एकाच्या चाकरांना दुसऱ्यानं आसरा देऊ नये. एकाशी जो वैर करील त्याचं पारिपत्य दुसऱ्यानं करावं. म्हणजे मुलूख वाटला, पण नातं कागदावर जपून ठेवलं. वर बांधावरच्या तात्यांनी सांगितलेल्या वाटणीपत्रात जे राहून गेलं होतं ते इथं बऱ्यापैकी लिहिलेलं दिसतं, आणि त्या दोन गाद्यांमधली चढाई त्यानंतर थांबली. पुढं मिरज-सांगलीचे पटवर्धन आणि करवीरकर (कोल्हापूरचे छत्रपती) यांच्यात कितीतरी लढाया झाल्या, आपला मिरज-तासगाव भाग त्यात भरडून निघाला. पण त्यांना कुणी भाऊबंदकी म्हणत नाही, कारण ती दोन वेगळी घरं. शब्द किती मोजून वापरला जातो ते यावरून कळतं.

आणि हा शब्द रंगभूमीवर ठसठशीत मांडला तो सांगलीत जन्मलेल्या कृ. प्र. खाडिलकरांनी. नारायणराव पेशव्यांच्या खुनावरच्या १९०९ सालच्या नाटकाचं नावच ‘भाऊबंदकी’. राज्याच्या उलाढालीला हा शब्द शोभतो की नाही, हा वाद तेव्हाच निकालात निघालाय.

जत पूर्व

मॅडम, माझ्या घरात कन्नड, शाळा मराठी. म्हणून दोन्हीकडचं सांगतो.

कन्नडमध्ये शब्द आहे ‘दायादी’. संस्कृत दायाद, म्हणजे वारशात हिस्सा असणारा, त्यावरून. ‘दायादी मत्सर’ असा तयार वाक्प्रचार आहे, आणि भारत-पाकिस्तान क्रिकेट सामना असला की कन्नड बातमीत ‘दायादिगळ कदन’ हटकून येतं, म्हणजे भाऊबंदांची झुंज. तुमच्या विद्यार्थ्यानं जे लिहिलं तेच विजयपूर-बागलकोटचा वाचक रोज वाचतो. त्यामुळं लाल रेघ मलाही पटली नाही.

पण बांधावरच्या तात्यांशी माझं जमत नाही. महाराष्ट्राला कन्नड बातमीत दायादी म्हटलेलं माझ्या तरी वाचनात नाही. तिथं ‘नेरे राज्य’ म्हणतात, शेजारी राज्य. (नेरे म्हणजे शेजार आणि नेरे म्हणजे पूरही. सांगलीकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.) आमच्या गावांत कर्नाटकाशी जे नातं आहे त्याला मराठीत सोयरीक म्हणतात. आमच्या मुली अथणी-विजयपूरला दिल्यात, तिकडच्या इकडं आल्यात. मामाची मुलगी करायची रीत दोन्हीकडं. व्याह्यांना आम्ही घरात ‘बीगरु’ म्हणतो. अण्णा, अक्का, अप्पा ही हाक तर अख्ख्या सांगली जिल्ह्यात चालते, मराठी घरांतसुद्धा.

फरक असा की सोयऱ्याच्या मिळकतीत आपला वाटा नसतो. त्याच्याकडं मागायचं असतं, आणि तो रुसू शकतो. आमच्या तालुक्याची गोष्ट बघा. सीमावादावर नेमलेल्या महाजन आयोगाच्या १९६७ च्या अहवालानं जत तालुक्यातली गावं कर्नाटकाला द्या म्हणून सांगितलं. महाराष्ट्रानं अहवालच नाकारला, आम्ही इकडं राहिलो. २०२२ च्या नोव्हेंबरात कर्नाटकाच्या तेव्हाच्या मुख्यमंत्र्यांनी जतची गावं आमच्याकडं यायचं म्हणतात असं विधान केलं आणि दोन राज्यांत केवढा धुरळा उडाला. आमच्या लोकांनी तसे ठराव केले होते ते भाषेसाठी नव्हे. म्हैसाळ उपसा योजनेचं पाणी पूर्व भागाला पोचेना आणि हद्दीपलीकडं कर्नाटकाच्या तुबची-बबलेश्वर योजनेचं पाणी दिसत होतं, म्हणून. ते पाणी जतला द्या असं इकडून मागणं आहे, आणि उन्हाळ्यात कोयना-वारणेचं पाणी सोडा असं तिकडून मागणं असतं. हे देणंघेणं आहे. हक्काची भाषा आली की बिघडतं. म्हणून मी ‘भाऊबंदकी’ म्हणणार नाही.

मिरज वेस

जतच्या दादांचं म्हणणं जतपुरतं खरं असेल. मिरज-सांगलीला ते लागू पडेल का, याची मला शंका आहे. आपण विसरतो की सांगली संस्थान हा आजच्यासारखा एकसलग मुलूख नव्हता. मंगळवेढा सांगलीचं, तेरदाळ सांगलीचं, बेळगावला चिकटून असलेलं शहापूर सांगलीचं, आणि पार खाली शिरहट्टीसुद्धा सांगलीचीच. जमखंडीला पटवर्धनांचीच दुसरी शाखा. १९४८ साली संस्थानं मुंबई राज्यात विलीन झाली. मिरज-सांगलीचा भाग १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्ह्यात आला. त्या जिल्ह्याचं नाव सांगली व्हायला १९६० उजाडलं. तेरदाळ-जमखंडी विजापूर जिल्ह्यात गेली आणि १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात. एका दरबारात मुजरा करणारी गावं आठ वर्षांत दोन राज्यांत पडली. तेरदाळकराच्या घरात सांगली दरबारच्या सनदा असतात आणि त्याची मुलं कन्नड शाळेत जातात. हे घर एकच होतं, दादा.

मी नाटकवाला, म्हणून आणखी एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. १८४२ मध्ये उत्तर कन्नडमधल्या कर्की गावची भागवत मंडळी सांगलीला आली आणि सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव आप्पासाहेब यांच्यापुढे त्यांनी खेळ केला. तसं मराठीत करून दाखवा, असं आप्पासाहेबांनी विष्णुदास भाव्यांना सांगितलं. ५ नोव्हेंबर १८४३ ला ‘सीता स्वयंवर’ उभं राहिलं. ती तारीख आपण मराठी रंगभूमी दिन म्हणून पाळतो. कैरानाहून निघालेले अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, त्यांचे शिष्य सवाई गंधर्व कुंदगोळचे, आणि सवाई गंधर्वांचे शिष्य भीमसेन जोशी गदगचे. या मिळकतीचं वाटप कुणी मागितलेलं नाही. आयोग नेमला नाही, लवाद बसला नाही, आणि तंटाही झाला नाही. भाऊबंदकी कुठं होते आणि कुठं होत नाही याचा विचार करताना मुलांना हे जरूर सांगा. दोन्ही बाजूंना पुरून उरणाऱ्या गोष्टीवर ती होत नाही. एकानं घेतलं की दुसऱ्याचं कमी होतं, अशाच गोष्टीवर होते.

तुम्ही बांगलादेशाचं विचारलंत. कूचबिहारचे महाराज आणि मोगली अंमल यांच्या काळातली गावं तिथं एकमेकांच्या पोटात अडकून पडली होती, आपल्या संस्थानी तुकड्यांसारखीच. फरक हा की तेरदाळचं भागून गेलं आणि तिथल्या माणसांना ना इकडची शिधापत्रिका ना तिकडची, अशी जवळजवळ सत्तर वर्षं काढावी लागली. २०१५ मध्ये भारतानं १११ आणि बांगलादेशानं ५१ वस्त्यांची अदलाबदल केली. वाटणीपत्रातली चूक दोघांनी बसून दुरुस्त केली, असं हे उदाहरण.

कराडची लेक

मिरजकरांचं पोस्ट वाचून आनंद झाला. एक भीती मात्र बोलून दाखवते.

‘भाऊ’ हा शब्द देशांच्या संबंधात कोण वापरतं ते तपासायला हवं. पुष्कळदा मोठाच वापरतो. रशियाच्या राष्ट्राध्यक्षांनी जुलै २०२१ मध्ये रशियन आणि युक्रेनियन हे एकच लोक आहेत असा लांबलचक लेख लिहिला, आणि फेब्रुवारी २०२२ मध्ये फौजा घुसवल्या. त्याला आपल्याकडच्या चर्चेत कुणी ‘स्लाव लोकांची भाऊबंदकी’ म्हटलं की माझं डोकं उठतं. भाऊबंदकीत दोन्ही भावांचा हिस्सा धरलेला असतो. तू वेगळा नाहीसच, तुझं सगळं माझंच, असं म्हणणाऱ्यानं हिस्साच नाकारलाय. त्याला बळकावणं हा सरळ शब्द आहे, तो वापरावा.

नेपाळचं थोडं असंच. ‘रोटी-बेटीचं नातं’ असं आपण कौतुकानं म्हणतो आणि ते खरंही आहे, सीमा खुली आहे, लग्नसंबंध आहेत. पण २०१५ मध्ये तिथली नवी राज्यघटना आल्यावर सीमेवरून जाणारं इंधन महिनोन्महिने अडलं. नेपाळनं त्याला नाकेबंदी म्हटलं, भारतानं ते नाकारलं. ते दिवस काठमांडूत ज्यांनी चुलीवर काढले त्यांना हे नातं आता कसं वाटत असेल? नात्याचा शब्द घातला की धाकट्यानं तक्रार करणं कृतघ्नपणाचं वाटायला लागतं. मुलांनी ‘भाऊबंदकी’ लिहावं, पण दोन्ही बाजूंनी तो शब्द मान्य होईल का, हे मनाशी विचारून.

कृष्णाकाठची

सगळ्यांचे मनापासून आभार. ताई, तुमची कसोटी मी वर्गात वापरणार आहे.

तात्या, तुमच्या विहिरीवरून मला सिंधू करार नव्यानं कळला. १९६० साली जागतिक बँकेच्या मध्यस्थीनं सहा नद्या वाटल्या : सिंधू, झेलम, चिनाब प्रामुख्यानं पाकिस्तानला, रावी, बियास, सतलज भारताला. एका विहिरीची पाळी ठरवण्याच्या भानगडीत न पडता विहिरीच वाटून घेतल्या. १९६५ आणि १९७१ ची युद्धं होऊनही तो करार टिकला, त्याचं एक कारण हे असावं असं मला वाटतं. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर भारतानं तो स्थगित केला. कृष्णेचं तसं करता येणार नाही, नदी एकच आहे, आणि म्हणून तुमच्या आणि जतच्या दादांच्या वादात मी सध्या दोघांच्या मध्ये उभी आहे. नदीपुरती भाऊबंदकी, माणसांपुरती सोयरीक, असं म्हटलं तर दादा रागावणार नाहीत ना?

एक उलटं उदाहरणही मुलांना देणार आहे. झेक आणि स्लोवाक १ जानेवारी १९९३ ला वेगळे निघाले. मिळकत लोकसंख्येच्या हिशोबानं ढोबळ २ : १ वाटली, गोळी झाडली गेली नाही, आणि आज दोघांच्या सरहद्दीवर कुणी पासपोर्ट विचारत नाही. तिथं ‘वाटणी’ म्हणावं, ‘विभक्त झाले’ म्हणावं. घर एक होतं एवढ्यावर ‘भाऊबंदकी’ लिहिलेलं मी चूक धरीन.

आता क्रियापदाचं कुणीतरी सांगा. भाऊबंदकी ‘करतात’ की ‘होते’? पेपरात दोन्ही दिसतं.

जत पूर्व

रागावत नाही, अक्का. नदीपुरतं सोडलं.

बांधावरचा (तासगाव)

‘भाऊबंदकी केली’ असं आमच्याकडं कुणी स्वतःविषयी म्हणत नाही, ते दुसऱ्यावर टाकायचं बोलणं. स्वतःच्या घराविषयी सांगताना माणूस ‘भाऊबंदकी लागली’ म्हणतो, जशी दृष्ट लागली म्हणावी तसं. जोर धरला की ‘माजली’, मारामारीवर आली की ‘पेटली’. पंचांनी बसवलं की ‘मिटली’. कागदोपत्री आम्ही हा शब्द कधीच लिहिला नाही, तिथं ‘सहहिस्सेदारांमधील वाद’ असं लिहायचं. मुलांना दोन्ही शिकवा. परीक्षेत कुणी रेघ मारलीच तर ‘सहहिस्सेदार’ हा शब्द दोन देशांनाही चालेल, आणि त्यात हिस्सा दोघांचा असल्याचं ताईंना हवं तसं स्पष्ट येतं.